ओढ्यापलीकडचं खोपट

माझ्या दोन्ही गालांवर देवीचे वण आहेत. आता सुरकुत्याही भरपूर झाल्यामुळे दोन्हींची सरमिसळ झाली आहे. तरी आश्रमशाळेतली एखादी चिमुरडी बोट लावून विचारतेच, "आजी, तुझ्या गालावर पाऊस पडला हुता का?" मी म्हणते, "व्हय गं, गारांचा."

या पोरांना देवीचा आजार माहीत नाही. तो जगातूनच गेला. पण दुसरे आजार येतात आणि माणसं पुन्हा तशीच घाबरतात. मागं आमच्या वाडीत एका सुनेला क्षय झाला. तिचं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला, आणि हळूहळू तिच्याशी बोलणंही बंद झालं. ती मला म्हणाली, "आजी, गोळ्या गिळता येत्यात. हे सगळ्यांचं गप ऱ्हानं न्हाई गिळता येत." मी तिच्याजवळ बसून माझी गोष्ट सांगितली. ती रडली, मधेमधे खूप हसली, आणि म्हणाली, हे लिहून ठेव. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं आश्रमशाळेत स्वयंपाकाला होते, त्यामुळे हात पळीवर बसला आहे तेवढा पेनावर बसलेला नाही. तरी लिहिते.

खडी

अकोले तालुक्यात कळसूबाईच्या डोंगराकडेला आमची वाडी. आम्ही ठाकर. एरवी आमच्याकडं पाऊस इतका की घोंगडी वाळत नाही. पण मोठा दुष्काळ पडला त्या साली आमच्याही डोंगरावर तो नीट आला नाही. नागली रोपातच करपली. माझं लग्न होऊन वर्षच झालं होतं. नवरा, सोमा, टोळीबरोबर लांब पूर्वेला तलावाच्या कामावर गेला. घरात राहिलो आम्ही तिघी: मी बुधी, माझी सासू भीमाबाई, आणि नणंद गंगी. सासूला मी आत्या म्हणायचे.

गंगी माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. केस कायम पिंजारलेले आणि तोंड कायम चालू. आम्ही दोघी खाली रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो. दुपारी खायला सरकारी सुकडी मिळायची. गंगीनं खडी फोडण्याचा खेळ करून टाकला होता. एक दगड उचलायची, त्याला नाव द्यायची. "वैनी, हा बघ जंगलातला गार्ड," म्हणायची आणि हातोडा असा घालायची की मुकादमही दचकून बघायचा. एकदा एक लहानसा गुळगुळीत गोटा मांडीवर घेऊन बसली. मी विचारलं, "हा कोन?" तर म्हणाली, "हा माझा हुनारा नवरा. ह्याला न्हाई फोडायचा. आत्ताच न्हाई."

कामावर खालच्या भागातली एक बाई होती. ती बाळाला झाडाखाली झोळीत ठेवून खडी फोडायची. बाळाच्या अंगात कणकण होती, कपाळावर बारीक पुटकुळ्या. उन्हानं असतील असं सगळ्या म्हणाल्या. गंगीला लहान मूल दिसलं की राहवत नसे. सुट्टी झाली की ती धावत जाऊन त्याला उचलायची, त्याच्या पोटावर तोंड ठेवून फुर्र करायची. मीही घेतलं त्याला. चार-पाच दिवसांनी ती बाई कामावर यायची बंद झाली. कुणी चौकशी केली नाही. कामावर माणसं येत होती आणि जात होती.

सासू पाया पडली

पंधरवड्यानं मला ताप भरला आणि दुसऱ्या दिवशी गंगीला. कंबर अशी दुखायची की वाटे कुणी मुसळानं कांडतंय. खडी फोडून दुखतेय असंच आम्ही धरून चाललो. आत्या तुळशीचा काढा करून पाजत होती आणि आमच्या नाजूकपणाला नावं ठेवत होती. "आमी दिसभर भारे वाहिले, पन कंबर हाय का न्हाई ह्ये बी कळलं न्हाई," असं तिचं चाललेलं.

मग एका सकाळी ताप उतरल्यासारखा झाला. गंगी उठून बसली, माझ्याकडं टक लावून बघितलं आणि म्हणाली, "वैनी, तुझ्या कपाळावर कुनी नागली पेरली?"

मी तिच्याकडं बघितलं. "तुझ्याबी पेरलीय की."

"मंग औंदा पीक घरातच," गंगी म्हणाली, आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

हसणं ऐकून आत्या आली. तिचे हात पिठाचे होते. तिनं आमच्या तोंडाकडं बघितलं. आधी मागं वळून चुलीवरचा फोडणीचा तवा उतरवला, कारण देवी घरात आली की फोडणीचा वास चालत नाही. मग दाराशी पडलेली वहाण बाहेर टाकली, जवळ आली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मग गंगीच्या.

म्हणाली, "आलीस का बाई. बस. आमचं काय चुकलं आसंल तर पदरात घे."

बाकीच्यांना आजाराचं नाव डॉक्टर सांगतो. मला ते माझी सासू पाया पडली तेव्हा कळलं. तिचे हात पायांना लागले आणि मी हसायची थांबले. गंगी मात्र म्हणाली, "आये, आता आमी देव झालो तर आज पानी तूच आन." आत्यानं तिच्याकडं रागानं बघितलं. मग आठवलं की आता रागावायचं नाही, आणि खरंच हंडा घेऊन गेली.

करवीतली लपाछपी

इथं एक मागची गोष्ट सांगायला हवी. नाहीतर आत्याबद्दल तुमचं भलतंच मत होईल.

आदल्या हिवाळ्यात देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, सरकारी माणूस आला होता. आम्ही त्याला देवीवाले दादा म्हणायचो. बारीक अंगाचा, खांद्याला पिशवी, डोंगर चढून चढून धापा टाकणारा माणूस. त्याच्या अंगात खाकी सदरा होता, आणि चुकलं ते तिथंच. कारण खाकी घालून वाडीत येणारा माणूस काहीतरी घेऊनच जायचा. गार्ड यायचा, कुऱ्हाड न्यायचा आणि जाता जाता कोंबडीही न्यायचा. शिवाय आत्याच्या बहिणीच्या पोराचा दंड टोचल्यावर असा सुजला होता की तो महिनाभर निजून होता. आत्यानं खालून येणारा खाकी सदरा बघितला आणि सगळ्या वाडीतल्या बायापोरांना करवीच्या दाट झुडपांच्या रानात पिटाळलं. आम्हालाही. स्वतः दारात उभी राहिली आणि दादा बोलायला लागले तशी शेणकाल्याची बादली त्यांच्या अंगावर रिकामी केली.

आम्ही करवीत तोंडावर पदर दाबून हसत होतो. दादा शेण निथळत खाली गेले. त्या दिवशी आत्या वाडीची झाशीची राणी झाली होती.

माझ्या लहानपणी माहेरी मला एकदा टोचलं होतं, पण तो माणूस वळला तशी माझ्या आईनं राख चोळून ते पुसून टाकलं होतं. गंगीला तर कधीच टोचलं नव्हतं.

खंडूबाबा

वाडीतली जाणती माणसं आमच्या अंगणात जमली, पण अंगणाच्या कडेलाच. सगळ्यांनी ठरवलं की दोघींना ओढ्यापलीकडं हिरडा वाळवायच्या खोपटात ठेवायचं. पण तिथं आमच्याजवळ राहायचं कुणी? आत्या म्हणाली, मी राहते. तेवढ्यात मागून खंडूबाबा पुढं आला.

खंडूबाबा आमच्या वाडीतला सगळ्यात कुरूप माणूस. हे मी प्रेमानं लिहिते आहे. त्याला पोरवयात देवी येऊन गेल्या होत्या. एक डोळा गेलेला, नाकाचा शेंडा खाल्लेला, तोंड चाळणीसारखं. बायको नव्हती, पोरं नव्हती, होळीला कांबडनाचात ढोलकी त्याचीच.

"भीमे, तू न्हाई," तो म्हणाला. "तुला न्हाई आल्या कधी. मी जातो. मला त्या बाईनं पोरपनीच उष्टावलंय. पुन्ना तोंड न्हाई लावायची."

आत्या भांडली, पण सगळ्यांनी बाबाचं ऐकलं. ओढ्याला पाणी असं नव्हतंच, एका डबक्यापुरतं होतं. तरी तीच हद्द ठरली. अलीकडं वाडी, पलीकडं आम्ही.

जाताना आम्ही दोघी चालतच गेलो. गंगी मागं वळून म्हणाली, "आये, माझी शेळी कुनाला पिळू दिऊ नको. ती मलाच दूध देती."

खोपटातले दिवस

दिवस कसे जायचे ते सांगते, कारण आजारी माणसाला दिवसच मोठा वाटतो.

सकाळी बाबा लिंबाचा ताजा पाला आणायचा, कालचा काढून नवा अंथरायचा. त्या पाल्याचा गारवा अंगाला लागला की एवढं बरं वाटायचं की आजही लिंबाखालून जाताना मी पाऊल मंद करते. मग ओढ्यापलीकडून आत्याची हाक यायची. ती वरईची पेज एका मडक्यात आणून डबक्याजवळच्या खडकावर ठेवायची, मागं सरायची आणि तिथून तोंडाचा पट्टा सुरू करायची.

"बुधेऽ, पेज सगळी संपव. कालची निम्मी ठेवली हुतीस, मला बाबानं सांगितलंय. गंगेऽ, खाजवू नको. खाजवलंस तर हात बांधीन."

"बांधायला इकडं तर ये," गंगी आतून ओरडायची.

हात खरंच बांधले बाबानं, आमच्याच लुगड्याच्या चिंध्यांनी, सैलसे. अंगावरच्या पुटकुळ्या मोठ्या होत गेल्या, पाण्यानं भरल्या, मग पुवानं. तोंडात, घशातही आल्या. पेज गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. स्वतःच्या अंगाचा वास स्वतःलाच सहन व्हायचा नाही. मला त्या वासाची एवढी लाज वाटायची की बाबा जवळ आला की मी तोंड फिरवायचे. एकदा बाबा म्हणाला, "पोरी, मला नाकाचा शेंडाच न्हाई. माझ्यापुढं कसली लाजतीस?"

बाबाचं देवीशी बोलणंही चालायचं. आम्ही तिला घाबरत होतो. तो तिला घरात फार दिवस राहिलेल्या पाहुणीसारखं बोलायचा. "बाई, दुष्काळ हाय. घरात दाना न्हाई. दुसऱ्या सालाला ये म्हनलं तर ह्याच सालाला आलीस. बरं आलीस, आता दोन दिस ऱ्हा आनि नीघ. मी तुला शिवंपातूर घालवाया येतो." गंगी खुदकन हसायची आणि ओठ फाटले म्हणून लगेच कण्हायची. "बाबा, हसवू नगंस. दुकतंय."

"मंग रड," बाबा म्हणायचा.

"रडल्यावर जास्त दुकतंय."

भीती वाटायची का, तर हो. मला मरणापेक्षा तोंडाची भीती जास्त वाटायची, हे खरं लिहिते. एकोणीस-वीस वर्षांची पोरगी मी. सोमा परत येईल आणि मला बघून दारातूनच मागं फिरेल असं सारखं डोळ्यांपुढं यायचं. मी गंगीला हे सांगितलं. ती म्हणाली, "दादा तुझ्याकडं बघतो कुटं? तो भाकरीकडं बघतो."

पाय हलवला न्हाई

मग माझे डोळे मिटले. पापण्या सुजून दगडासारख्या झाल्या. मी आंधळी झाले असं मला वाटलं. बाबा म्हणाला, "उघडत्याल. दोनी उघडले तर माझ्यापेक्षा तू शिरीमंत." आता मला सगळं ऐकूनच कळायचं. पाला सळसळला की सकाळ. आत्याची हाक आली की पेज. आणि शेजारी गंगीचा श्वास.

अंधारात आम्ही पायानं बोलायचो. मी पाय लांब करून तिच्या पायाला लावायचे, ती अंगठ्यानं टोचायची. बोलायला घसा नव्हता, म्हणून हे.

गंगीचा श्वास दोन दिवस घरघरत होता. ताप पुन्हा चढला होता. तापाच्या भरात ती शेळीशी काहीतरी बोलत होती. एका दुपारी मी पाय लावला तर तिनं टोचलं नाही. मी पुन्हा लावला. पाय गरम होता, पण हलला नाही. मी हाक मारली. बाबाची पावलं आली, थांबली. मग त्यानं माझा पाय उचलून बाजूला ठेवला, अगदी हळू.

"गेली गं पोरी," तो म्हणाला. "तुला न्हाई सांगितलं तर तू पाय लावीत बसशील."

सुजल्या डोळ्यांतून पाणीही बाहेर येईना. आतच तुंबलं.

ओढ्यावर

पुढचं मी बघितलं नाही, ऐकलं. बाबा ओढ्याकडं गेला. आत्याची एक किंकाळी आली, मग धावण्याचा आवाज, दगड घरंगळले. मग बाबाचा आवाज, एवढा मोठा की मला ठाऊकच नव्हतं तो असा ओरडू शकतो. "तितंच थांब! भीमे, एक पाऊल टाकलंस तर वाडीत कुनी ऱ्हायचं न्हाई. मागं लेकरं हायती."

"माझी पोर हाय ती. मला एकडाव घेऊ दे."

"न्हाई देत."

"तिचे क्येस तर विंचरू दे रं बाबा. तशीच जाईल का पिंजारलेली?"

बाबा रडत होता. त्याच्या आवाजातून कळत होतं. तो म्हणाला, "मी विंचरतो. तू तितनं बघ."

आणि त्या म्हाताऱ्यानं, ज्यानं आयुष्यात कुणाचे केस विंचरले नव्हते, गंगीला काठावर आणून तिचे केस विंचरले. आत्या ओढ्यापलीकडून सांगत होती, असा भांग पाड, गाठ वोढू नको, तिला दुकतंय. उंबराखाली तिला पुरली. आत्या खडकावर बसून राहिली. तिला आतून काय खात असेल ते तेव्हा मला समजलं नाही. ती फक्त एकच विचारत होती, आणि ते ती बाबाला विचारत नव्हती. "बादली वतली नसती तर?"

देवीवाले दादा

दुसऱ्या दिवशी पेज आली, पण हाक आली नाही. पेज शेजारीण ठेवून गेली. आत्या पहाट फुटताच राजूरच्या दवाखान्याकडं निघाली होती.

पुढचं मला नंतर दादांनीच सांगितलं. ते दवाखान्याच्या ओट्यावर चहा पीत होते. समोरून एक बाई आली, ती त्यांनी लगेच ओळखली. गमतीनं म्हणाले, "काय मावशी, आज बादली नाही आणली?"

आत्या म्हणाली, "पोरगी गेली, दादा. सून पडून हाय. चला."

दादांनी चहा तसाच ठेवला. सोबत आणखी एकाला घेतलं, पिशवी भरली आणि चढायला लागले. आत्यानं सबंध वाट त्यांची पिशवी डोक्यावर वाहिली, त्यांना हातही लावू दिला नाही.

खाली खाकी सदरा दिसला आणि वाडी रिवाजाप्रमाणं करवीत पळाली. आत्यानंच शिकवलेला रिवाज. आता ती रानात शिरली आणि एकेकाला ओढून काढायला लागली. पुढं कित्येक वर्षं वाडीत ही गोष्ट नकला करून सांगितली जायची. कुणाला झिंज्या धरून, कुणाला लंगोट धरून. एक चांगला बाप्या माणूस झाडावर चढून बसला, तर ही खाली धोंडे घेऊन उभी. "उतरतोस का पाडू?" तो म्हणाला, "भीमाबाय, तूच तर सांगितलं हुतंस पळा म्हनून." ती म्हणाली, "सांगितलं हुतं. माझ्या तोंडात किडं पडले हुते. आता उतर."

पण टोचायची वेळ आली तेव्हा सगळ्यांच्या आधी तिनं आपला दंड पुढं केला. दादांनी दोन टोकांची सुई टोचली. आत्यानं तोंडही वाकडं केलं नाही. वाडीत नंतर आणखी काहींना देवी निघाल्या, पण हलक्या. गंगीनंतर आमच्याकडं कुणी दगावलं नाही.

दादा खोपटातही आले. त्यांनी माझे डोळे कोमट पाण्यानं धुतले, दुसऱ्या दिवशीही धुतले. मग एका सकाळी एक पापणी सुटली. पहिलं काय दिसलं म्हणाल तर खंडूबाबाचं तोंड, एकदम जवळ, एका डोळ्यानं माझ्या डोळ्यात बघणारं. एवढं सुंदर काही मी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही फारसं नाही.

"दिसतंय का?" त्यानं विचारलं.

"दिसतंय."

"मी कसा दिसतोय?"

"लई वंगाळ," मी म्हणाले.

बाबा एवढा हसला की खोकला लागला.

मग मी शेजारी बघितलं. गंगीच्या जागी नवा लिंबाचा पाला अंथरलेला होता, आणि त्यावर कुणी नव्हतं.

दादांना मी नंतर विचारलं की आम्ही दोघी एकाच झोळीतल्या बाळाला घेतलं, एकाच पाल्यावर निजलो, मग ती का गेली आणि मी का राहिले. दादा म्हणाले, लहानपणी आईनं पुसलं तरी त्यातलं थोडं अंगात उतरलं असेल. असेल. मला ते कधी पुरतं पटलं नाही. ज्यांच्या शेजारचं माणूस गेलं त्यांना मी एवढंच सांगते, की या प्रश्नाचं उत्तर शोधत बसू नका. पेज प्या.

नाक हाय तितंच हाय

खपल्या धरल्या, पडल्या. शेवटची खपली पडेपर्यंत दादांनी सोडलं नाही. मग आत्यानं ओढ्यावर येऊन मला ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं. माझं डोकं तिनं दोन्ही हातांत धरलं आणि सोडेना. साबणाचं पाणी डोळ्यांत जात होतं, पण मी डोकं हलवलं नाही.

घरी आरसा नव्हता. मी लखलखीत घासलेल्या तांब्यात तोंड बघितलं. तांब्यात सगळ्यांचंच तोंड वेडंवाकडं दिसतं, त्यामुळे पहिल्या दिवशी नक्की काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी हंड्याच्या पाण्यात बघितलं आणि कळलं. मी हंडा उपडा केला. दुष्काळाच्या साली हंडाभर पाणी. आत्यानं बघितलं आणि दुसरा हंडा घेऊन झऱ्यावर गेली.

सोमाला निरोप गेला होता. तो आला तेव्हा आत्यानं त्याला वाडीच्या शिवेवरच अडवलं, दंड उघडायला लावून बघितलं, कामावर टोचलेली खूण दिसली तेव्हाच आत घेतलं. मी चुलीपाशी पाठ करून बसले होते. तो येऊन मागं उभा राहिला. मी वळेना. शेवटी तोच चुलीच्या पलीकडं जाऊन माझ्या समोर बसला.

बहिणीसाठी रडून आलेले डोळे होते त्याचे. त्यानं माझ्याकडं बघितलं, चांगलं निरखून बघितलं, खाली बघितलं, पुन्हा बघितलं.

"नाक हाय तितंच हाय," तो म्हणाला.

एवढंच. मला हसू आलं आणि रडूही आलं. मग तो म्हणाला, "भाकरी हाय का?" मला गंगीचं बोलणं आठवलं. मी त्याला ते सांगितलं, आणि आम्ही दोघं तिच्यासाठी चुलीपाशी बसून हमसून हमसून रडलो. नवऱ्यानं तोंडाबद्दल पुन्हा कधी काही म्हटलं नाही. मी विचारलं तर म्हणायचा, "आता अंधारात पन वळखू येतीस."

कणगी

आत्या मात्र स्वस्थ बसेना. देवीवाले दादा डोंगरातल्या दुसऱ्या वाड्यांवर निघाले की ही त्यांच्याबरोबर जायची. मलाही नेऊ लागली. मी का, तर माझं तोंड दाखवायला. आधी मला ते फार लागलं. मग एकदा एका वाडीत लोकांनी दादांचं काही ऐकलं नाही, माझ्याकडं बघितलं आणि गुपचूप दंड पुढं केले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की या वणांचा कुणाला तरी उपयोग आहे. मी पदर मागं सारून चालायला लागले.

एका वाडीतली एक बाई काही केल्या पोरगी दाखवेना. "मला पोरगीच न्हाई," म्हणायची. पण दारात लहान पायांचे ठसे होते. घरात एक मोठी बांबूची कणगी होती, धान्य साठवायची. तिच्या आतून कुणीतरी शिंकलं. दादा पुढं झाले, तशी ती बाई विळा घेऊन आडवी आली.

आत्यानं दादांना हातानं मागं सारलं. स्वतः उंबऱ्यावर बसली. पाणी मागितलं, प्यायली. मी जवळच उभी होते.

"माझी बी एक पोरगी हुती," ती म्हणाली. "गंगी नाव. मी बी लपवली. करवीच्या रानात. लई चांगली लपवली बघ, कुनाला घावली न्हाई. ह्या दादाला न्हाई घावली, सरकारला न्हाई घावली." ती थांबली. "देवीला घावली."

त्या बाईनं विळा खाली घेतला.

"तिचे क्येस विंचरायला बी न्हाई मिळालं मला," आत्या म्हणाली. "पानी दिलंस, बरं वाटलं. आमी जातो. तू म्हनशील तसं."

आणि ती खरंच उठली. आम्ही अंगण ओलांडलं असेल, तोवर मागून कणगीचं झाकण सरकल्याचा आवाज आला. बाईनं पोरीला बगलेला धरून बाहेर काढलं होतं. पाच-सहा वर्षांची, केसांत वरईचा कोंडा, डोळे रागानं लाल. दादांनी सुई काढली तशी तिनं त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला आणि सोडेना. दादा कळवळले.

"चाव, चाव," आत्या तिला म्हणाली, "पन ह्यो दंड तेवढा हलवू नको." पोरीनं दंड खरंच हलवला नाही. टोचून झालं तरी चावतच होती. तिची आई हसायला लागली, मी हसायला लागले, दादाही मनगट चोळत हसले.

परत येताना आत्या वाटेतल्या बांधावर बसली. गंगी गेल्यापासून ती आमच्यापुढं रडली नव्हती. तिथं रडली, मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. दादा लांब जाऊन पाठ करून उभे राहिले. मी तिच्या शेजारी बसले, तिच्या पायाला पाय लावून.

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं, लुगड्याची माती झटकली आणि दादांना हाक मारली.

"दादा, त्या पल्याडच्या डोंगरावर धूर दिसतोय. तितं बी वाडी हाय का?"

"आहे, मावशी. पण लांब आहे. उद्या जाऊ."

"उद्या कशाला?" आत्या म्हणाली, आणि पिशवी डोक्यावर घेऊन पुढं चालायला लागली.